आधी दिवा, मग माणूस

मी एक जुनं पेव आहे. मित्रांनो, गावात मोबाइलच्या दुकानांचं पेव फुटलं, असं तुम्ही सहज बोलून जाता. पण पेव म्हणजे काय असं कुणी विचारलं, तर तुमच्यातले निम्मे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. त्यात तुमचा दोष नाही. पेवं आता राहिलीच आहेत कुठे? जमिनीच्या पोटात खणलेलं धान्याचं कोठार म्हणजे पेव. वर तोंड एवढंसं, एक माणूस अंग चोरून उतरेल इतकं; आणि आत पोट मात्र घागरीसारखं फुगलेलं. घनसावंगीहून कुंभार पिंपळगावकडे जाताना वाटेत एक लहान गाव लागतं. त्या गावच्या पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, मी आहे. लोक म्हणतात मी रिकामं आहे. मला तसं कधीच वाटत नाही. माझ्यात दोन माणसं मेली. त्यांना दोराने वर काढून नेलं, तरी ती पुरती वर गेली नाहीत. दुपारी वर सगळं सामसूम झालं की मला अजून त्यांचा श्वास ऐकू येतो.

पण सुरुवातीपासून सांगतो. मला खणलं ते निजामाच्या राज्यात. सरकारी लोक लेव्हीच्या नावाखाली घरातलं धान्य उचलून नेत, म्हणून शेजारच्या दोन घरांनी मिळून मला जमिनीत दडवलं. एक घर मेंढरं राखता राखता शेतीला लागलेलं, दुसरं बैलगाडीवर माल वाहणाऱ्या मुसलमानाचं. दोन्ही घरच्या माणसांनी माती उपसली, दोन्ही घरच्या बायकांनी मला शेणामातीने सारवलं. मग आत तुराट्या पेटवून मला भाजून काढलं. कडब्याचं अस्तर लावलं, ज्वारी ओतली, तोंडावर शिळा ठेवली आणि वरून चिखल लिंपला. ज्वारी कुणाच्या शेतातली, हे मला कधी ओळखता आलं नाही. आत आली की सगळी सारखीच.

माझी एक रीत होती, आणि ती कुणी मोडत नसे. पेव उघडायचं तर शिळा आदल्या दिवशी सरकवून ठेवायची. दुसऱ्या दिवशी घरातल्या बाईने दोराला बांधून पेटता दिवा आत सोडायचा. तव्यावरची भाकरी भाजून निघेल इतका वेळ वाट पाहायची. दिवा तेवत राहिला तर माणसाने उतरायचं. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. मग लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून आत खालीवर करत बसायचं, आतली हवा ढवळायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा. धान्य बंद जागेत पडून राहिलं की आतली हवा मरते. ही मेलेली हवा जड असते, तळाशी बसून राहते. तिला रंग नाही, वास असला तरी फार नाही. त्या अडाणी म्हटल्या गेलेल्या लोकांना तिचं शास्त्रातलं नाव ठाऊक नव्हतं, पण ती माणूस नेते हे ठाऊक होतं. कुणीतरी कधीतरी मेलं असणार, त्याशिवाय अशी रीत पडत नाही.

माझी ती भरभराटीची वर्षं होती. लग्नकार्यात मला उघडत, पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. किडा नाही, बुरशी नाही, असं म्हणत लोक ज्वारी तळहातावर घेऊन हुंगत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटायचं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माझ्या पोटात मागल्या सुगीची ज्वारी होती. तेव्हा त्या दोन घरांतले कर्ते होते रामकिसन आणि गयासोद्दीन. दोघंही तरणेबांड, लहानपणापासून एकत्र वाढलेले. गावातल्या चुली थंड पडल्या तेव्हा दोघांनी ठरवलं, की ज्वारी वाटून टाकायची. सकाळी शिळा काढली, तोवर लोक पातेली, टोपल्या, जे हाताला लागलं ते घेऊन जमलेसुद्धा. लेकरं रडत होती. गयासोद्दीनची नवी नवरी अकबरबी दोराला दिवा बांधून उभी होती. रामकिसन तिला म्हणाला, "भाभी, राहू द्या दिवा. लोक उपाशी उभे हायेत. मी जल्दी जातो अन् पोतं भरून देतो."

अकबरबीने दिवा बाजूला ठेवला. नवी नवरी होती, मोठ्या माणसापुढे काय बोलणार?

मित्रांनो, पुढचं फक्त मला माहीत आहे. रामकिसन ज्वारीवर उतरला, एक पाटी भरली, आणि दमल्यासारखा खाली बसला. त्याला वाटलं, पोटात अन्न नाही म्हणून चक्कर आली. त्याने "गयास" अशी हाक मारली, अगदी हळू. वर ती ऐकू गेली. गयासोद्दीन दोर धरून सरळ खाली आला. त्याने रामकिसनच्या काखेत हात घालून त्याला उचलायला पाहिलं. एकदा उचललंही. मग त्याच्या गुडघ्यातलं बळ गेलं. मी भिंतींनी सगळं पाहत होतो. माझ्याकडे ना वारा होता, ना हात.

विहिरीत पडलेला पोहरा काढायच्या गळाने त्यांना वर काढलं, तेव्हा दोघं एकमेकांना धरून होते.

आणि तिथूनच सगळं नासलं. त्या मिठीकडे पाहून एक जण म्हणाला, यांची आत झटापट झाली असेल. झालं! रामकिसनच्या गल्लीत गोष्ट तयार झाली, की ज्वारीच्या लोभापायी गयासोद्दीनने रामकिसनला ढकललं आणि स्वतःही तोल जाऊन पडला. मुसलमानांच्या मोहल्ल्यात दुसरी तयार झाली, की रामकिसनने मरता मरता त्याला खाली ओढलं. अकबरबी ज्याला त्याला सांगत होती, की दिवा सोडला नाही म्हणून ते गेले. पण तिचं कुणाला पटेना. घाईला नाव नसतं, जात नसते, तिच्या दारात जाऊन भांडता येत नाही. लोकांना भांडायला माणूस हवा होता. ईदचा शिरखुर्मा आणि दिवाळीचा फराळ या दोन घरांत येणं-जाणं बंद झालं. भीतीने आतल्या ज्वारीला कुणी हात लावेना; माझ्या तोंडावर शिळा ठेवून वर माती लोटली. हळूहळू वर बाभळी वाढल्या, उकिरडा झाला, आणि माझं नाव पडलं भुताचं पेव. आया लेकरांना दटावू लागल्या, तिकडं जाऊ नको, तिथले दोघं खाली ओढतात.

खरं सांगू? इतकी वर्षं अंधारात पडून मला मरणापेक्षा त्या नावाचं जास्त दुःख झालं. आपल्या मित्राला उचलणारा माणूस भूत झाला, आणि भुकेल्यांसाठी उतरलेला माणूसही भूत झाला. रात्रंदिवस ते दोघं माझ्या पोटात मला जणू एकच विचारत राहिले, वर कुणी खरं सांगितलं का?

परवाच्या हिवाळ्यात वर जेसीबीची घरघर सुरू झाली. रामकिसनचा मुलगा आबाराव आता साठीकडे झुकला आहे. त्याचा मुलगा ओमप्रकाश तिथे नवं घर बांधणार होता. पायाचं खोदकाम करताना जेसीबीचा दात माझ्या शिळेला लागला, शिळा फुटली, आणि माझ्या अंगावर ऊन पडलं. मला ते सहन होईना.

ओमप्रकाश चांगला पोरगा आहे हो. त्याची धाकटी मुलगी भुताला भिऊन या बाजूला पाऊलही टाकत नसे, म्हणून त्याला आत उतरून, मोबाइलवर व्हिडिओ काढून, भूत नाही हे तिला दाखवायचं होतं. त्याने भलीमोठी बॅटरी दोराला बांधून माझ्या तळाशी सोडली. लख्ख उजेड पडला. कुजून उरलेली थोडी काळी ज्वारी, भिंतीतून शिरलेली मुळं, एक फुटकी पाटी. बाकी काही नाही. त्याने शिडी लावली आणि माझ्या तोंडात पाय सोडून काठावर बसला.

"ओम, न्हाई म्हणलं ना!" आबाराव ओरडला. "दोन जीव बसलेत तिथं. आपलं घर एकदा बुडालंय."

"बाबा, भूतबित काही नस्तं," ओमप्रकाश हसून म्हणाला. "बघा की, तळ बिलकुल साफ दिसून राह्यला."

मित्रांनो, दोघांचंही चुकत होतं. बाप भुताला भीत होता, आणि भूत नाही म्हणून मुलगा कशालाच भीत नव्हता. खरी गोष्ट त्या दोघांच्या मधून निसटून गेली होती. मेलेली हवा माझ्या तळाशी तशीच बसून होती. मला ओरडावंसं वाटत होतं.

तेवढ्यात काठी टेकत अकबरबी आली. रस्त्यापलीकडे तिचं घर. जेसीबीचा आवाज ऐकून तिला कळलं असावं. आबारावच्या जागेत तिने कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

"बेटा, थांब. आधी दिवा सोड," ती म्हणाली.

"दादी, बॅटरी हाय की आत. सगळं दिसतंय."

"दिसतंय ते बराबर. पण बॅटरी हवा खात न्हाई, बाबा. दिवा आपल्यासारखी हवा खातो. तो जगला तर माणूस जगतो."

आबारावचा चेहरा कडक झाला. "चाची, तुम्ही न्हाई पडायचं यात. तुमच्या घरच्यानं माझ्या बापाला..." पुढचं त्याच्या तोंडून निघेना.

"बोल, बोल," अकबरबी म्हणाली. "इतके दिवस पाठीमागं बोलले, आज तोंडावर बोल. मी ऐकते. पण आधी दिवा आण. एकदा मी ऐकलं अन् दिवा खाली ठेवला. आज न्हाई ठेवायची."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, आबाराव बाजूला सरकला. त्याची बायको सत्यशीला घरात गेली आणि तेल घातलेली समई घेऊन आली. अकबरबीने ती स्वतःच्या हाताने दोराला बांधली. गाठ पक्की होती. ओमप्रकाश अजून काठावर पाय सोडूनच बसला होता. म्हातारीचं मन राहावं म्हणून थांबला होता, एवढंच.

दिवा माझ्या गळ्यातून उतरला. ज्योत सरळ होती. माझ्या पोटाशी आला आणि ज्योत लहान झाली, निळसर झाली. आणखी थोडा खाली गेला, आणि विझला. फुंकर नाही, वारा नाही. तळाशी बॅटरी मात्र तशीच लख्ख जळत होती.

अकबरबीने समई वर ओढून पुन्हा पेटवली, पुन्हा सोडली. तिथेच, त्याच ठिकाणी, ती पुन्हा विझली.

मग आबाराव झेपावला. त्याने मागून मुलाच्या काखेत दोन्ही हात घातले आणि त्याला माझ्या तोंडापासून फरफटत मागे ओढलं. बाप-लेक मातीत पडले, तरी आबाराव हात सोडेना. त्याला धाप लागली होती. "तू उतरला असता तर मी तुझ्यामागं उडी घेतली असती रे," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

अकबरबी त्याच्याजवळ जाऊन खाली बसली.

"आबा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुझे हात बघ. कसं धरलंय तू पोराला?"

आबारावने खाली पाहिलं.

"तसंच धरलं होतं त्यानं तुझ्या बापाला. मी बघितलंय. तुम्ही मंग काय काय म्हणलात. पण उचलायला गेल्ता रे तो."

आबाराव आपल्याच हातांकडे पाहत राहिला. साठीला आलेला माणूस लहान मुलासारखा रडला, आणि त्याने अकबरबीच्या पायांवर डोकं ठेवलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि तीही रडत होती. दिवा सोडून एवढंच पाहायचं होतं त्या दिवशी, असं ती म्हणत होती. एवढंसंच तर काम होतं.

आता माझ्या तोंडावर लोखंडी जाळी बसवली आहे. ओमप्रकाशने घराचा पाया थोडा बाजूला घेतला. शाळेतली मुलं कधीकधी मला पाहायला येतात, जाळीतून वाकून बघतात, "भूत कुठंय?" असं विचारतात आणि खिदळतात. मला हसू येतं, आणि भीतीही वाटते.

मित्रांनो, पेवं गेली, पण मेलेली हवा कुठे गेली नाही. तुमच्या गावात शौचालयाचा खड्डा आहे, गोबरगॅसची टाकी आहे, गाळाने भरलेली पडकी विहीर आहे. त्यात आजही एक माणूस उतरतो, खाली बसतो, आणि दुसरा त्याच्यामागे धावतो. वर उभे असलेले लोक नंतर दोष कुणाला द्यायचा ते शोधत बसतात. जुन्या लोकांच्या रीती सगळ्याच चांगल्या होत्या असं मी म्हणणार नाही. पण एखादी रीत फेकून देण्याआधी, ती कुणाच्या मरणातून आली, एवढं विचारत जा.

आणि माझी एक कळकळीची विनंती आहे. मला भुताचं पेव म्हणू नका. भुताची भीती एका पिढीत विरून जाते, आणि पुढच्या पिढीतला एखादा हुशार पोरगा हसत हसत शिडी लावतो. त्यांची नावं घेऊन, घडलं तसंच तुमच्या धाकट्या भावंडांना सांगा. रामकिसन घाईने उतरला, कारण दारात माणसं उपाशी उभी होती. आणि गयासोद्दीन त्याच्यामागे उतरला, कारण मित्राची हाक ऐकून वर थांबणं त्याला जमलं नाही.