महिपती मास्तरांचा मुका क्लॅरिनेट

मित्रांनो, मी क्लॅरिनेट. म्हातारा म्हणा, खोकड म्हणा, चालेल. पण पिपाणी म्हणू नका. पिपाणी जत्रेत मिळते आणि घरी पोचेपर्यंत फुटते. मी शिसवी लाकडाचा, मेरठच्या एका कारागिराने जीव ओतून घडवलेला, तेरा चाव्यांचा. माझ्या तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी बांधतात, तिला रीड म्हणतात. फुंकर आली की ती थरथरते आणि माझ्या पोटातली हवा गाऊ लागते.

उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या एका बँडमध्ये मी महिपती मास्तरांच्या हातात पस्तीस वर्षं वाजलो. आधी ते रीड जिभेवर धरून ओली करत, मग वरचे दात माझ्यावर टेकवत आणि डोळे मिटत. कुळगावच्या हळदीत आम्ही लोकांना घामाघूम होईस्तोवर नाचवलं. पण मास्तरांची खरी करामत सिंधी लग्नांत. तिथल्या बायका लग्नात लाडा, म्हणजे त्यांची लग्नगीतं, गातात. मास्तरांना त्यातले शब्द कळत नसत, चाली मात्र पाठ. नवरी निघायची वेळ झाली की ते मला खालच्या सुरात असा लाडा वाजवायला लावत की तिच्या आईचा पदर डोळ्यांना लागायचाच. "मास्टर, एक बार और," असं कुणीतरी म्हणायचं. त्या दिवसांत मी फार शेफारलो होतो, हे कबूल करतो.

मग मास्तरांचे वरचे दात गेले आणि कवळी आली. एका वरातीत त्यांनी उंच सूर लावला, आणि कवळी सुटून माझ्या तोंडावर येऊन पडली. पोरं खो खो हसली. एकाने मोबाइलवर टिपलंसुद्धा. मास्तरांनी मला पुसलं, पेटीत ठेवलं, डांबराच्या चार गोळ्या टाकल्या आणि पेटी पोटमाळ्यावर चढवली. वरच्या दातांचा भक्कम टेका नसेल तर मी हलतो आणि माझा सूरही हलतो. त्यात त्यांचा काय दोष? तीन वर्षं मी अंधारात पडून होतो. खाली त्यांचा खोकला ऐकू यायचा. त्यांच्या चहाचा वास असलेल्या फुंकरीसाठी मी किती झुरलो, ते कुणाला सांगणार?

त्यांची नात तेजल अंबरनाथ पश्चिमेला नीलिमा मॅडमच्या संगीतवर्गात जाऊ लागली, तेव्हा माझं नशीब हललं. आजोबा बाजारात गेल्याचं पाहून कौसाबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, मला खाली काढलं आणि नातीच्या हाती दिलं.

त्या वर्गात मला माझे भाऊबंद भेटले. फ्लूट चकचकीत धातूची, तरी घराणं आमचंच, लाकडी फुंकवाद्यांचं, कारण पूर्वी ती लाकडाची असे. तिला रीड लागत नाही. बाटलीच्या तोंडावरून फुंकावं तसं फुंकायचं. ओबो सडपातळ आणि नाकाने कांदे सोलणारा. त्याला सनईसारखी दुहेरी रीड. सगळा वाद्यवृंद त्याच्या सुराला सूर मिळवतो, म्हणून ही ऐट. सॅक्सोफोनचं अंग पितळेचं, पण तोंडाला माझ्यासारखीच एक रीड, म्हणून तोही आमच्यातलाच. घरातला थोरला बासून इतका लांब की त्याला दुमडून बनवावं लागतं. तो मात्र भिंतीवरच्या चित्रात होता. बाकी प्रत्येकाला कुणी ना कुणी फुंकत होतं. ते ऐकून माझा जीव तुटला.

मॅडमनी मला उलटसुलट करून पाहिलं. "तेजल, हा जुन्या पद्धतीचा आहे गं. याच्यावर बोटं वेगळी पडतात, मला ती येत नाहीत. तू शिकायला दुसरा घे. हा घरी जपून ठेव."

जपून ठेव! म्हणजे पुन्हा तीच पेटी आणि त्याच गोळ्या.

घरी आल्यावर तेजलने हट्टाने मला ओठांना लावलं. मी असा किंचाळलो की माझी मलाच लाज वाटली. तेवढ्यात मास्तर पिशवी घेऊन दारात उभे. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी काढला हा?"

"मी काढला," कौसाबाई म्हणाल्या.

"आजोबा, मॅडम बोलल्या, याची बोटं त्यांना येत नाहीत," तेजल रडवेली झाली. "मग मला कोण शिकवणार?"

मास्तर पिशवी ठेवून आत गेले. तिने पुन्हा फुंकलं, मी पुन्हा किंचाळलो. आतून आवाज आला, "ओठ आवळू नको! रीड मरते तशानं."

"दात आहेत तर चणे नाहीत, अशातली गत," कौसाबाई करवादल्या. "हिला दात आहेत, बोटं येत नाहीत. तुम्हाला बोटं येतात, दात नाहीत. दोघं मिळून काय ते करा, पण घरात हा कावळा नको मला."

बराच वेळ गेला. मग मास्तर बाहेर आले आणि तेजलच्या मागे बसले. तिच्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घेऊन त्यांनी माझी भोकं झाकली. "तू फुंक. बोटं मी बघतो."

मित्रांनो, फुंकर परकी होती, पेपरमिंटच्या गोळीच्या वासाची. बोटं मात्र माझी होती. लाडा सुरू झाला. दोन ओळींत पोरीचा दम संपला, तरी मास्तरांची बोटं हवेविना पुढची ओळ वाजवतच राहिली. समोरच्या गॅलरीतली सिंधी आजी कपडे वाळत घालता घालता थांबली.

मग रोज असंच चाललं. खाली तिची बोटं, त्यांवर मास्तरांची. महिन्याभराने एका सकाळी, लाडा अर्ध्यावर असताना, मास्तरांनी आपलं एकेक बोट अलगद उचललं. तेजलचे डोळे मिटलेले होते, तिला कळलं नाही. मला कळलं. सूर थांबला नाही. मास्तर मागे टेकून ऐकत राहिले, आणि मी गात असूनही त्या बोटांसाठी कासावीस झालो.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरी एखादं वाद्य जपून ठेवलेलं असेल तर खाली काढा. आणि ते वाजवणारा माणूस अजून घरात असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा. मी लाकूड आहे, आणखी वीस वर्षं पेटीत काढली असती. मास्तर आता बहात्तर वर्षांचे आहेत.