उजेडबाबांचा जांभळा दिवा

केदारखेड्याच्या पत्र्याच्या शेडसमोर सकाळपासून रीघ लागली होती आणि प्रत्येकाच्या हातात कुणाचा तरी फोटो होता. आत काळे पडदे, मधोमध उजेडबाबा. फोटो पालथा ठेवायचा, वरून जांभळा दिवा धरायचा. कागद निळसर उजळला तर माणूस निर्मळ, काळवंडला तर बाधा.

"मी तोंड पाहत न्हाई, लेकरांनो," बाबा सांगत. "तोंड फसवतं. पाठ बोलती."

त्या अंधारात बाबांचा पांढरा झब्बा असा चमकायचा की बायका झब्ब्यालाच हात जोडायच्या. बाधा निघाली की अंगारा मिळे आणि दारातल्या टेबलावर नवा फोटो छापून घ्यावा लागे. नवा फोटो हमखास उजळायचा. लोक म्हणत, बाधा उतरली.

मी दैवशाला. भोकरदनला माझी फोटो छापायची लॅब आहे. नाव आईबापांनी ठेवलं, दैवावर माझा काडीचा विश्वास नाही. पण माझ्या भावाच्या मुलीचा, राजनंदिनीचा फोटो त्या दिव्याखाली काळा राहिला आणि तिचे होणारे सासरे अप्पाराव अडून बसले. पोरीला बाधा आहे, सोयरीक मोडतो म्हणाले. पत्रिका वाटून झालेल्या. पोर खोलीतून बाहेर येईना. भाऊ काकासाहेब घरातून अंगणात, अंगणातून घरात नुसता येरझाऱ्या घालत होता.

"अक्का, शुद्धी करून घिऊ. काय बिघडतं?"

"बिघडतं. उद्या तिच्या लेकराला खोकला आला तरी हीच बाधा उकरून काढतील."

माझं डोकं भणभणत होतं, कारण तो फोटो मीच छापला होता. भाचीचा म्हणून मुद्दाम भारीतल्या कागदावर. तो काळा कसा राहिला? लॅबवर आले, पण बसवेना, उभंही राहवेना. शेवटी कपाटातला रंगांचा तक्ता नजरेला पडला आणि मी स्वतःच्याच कपाळावर हात मारला.

नवा कागद आला की मी आधी त्यावर शेकडो रंगीत चौकोन छापते. मोजायचं यंत्र एकेका चौकोनावर टेकवते. कोणता रंग किती उतरला ते यंत्र सांगतं, त्यावरून प्रिंटरला शिकवायचं. गेल्या लग्नसराईत एका 'जास्त पांढऱ्या' कागदानं मला रडवलं होतं. यंत्र म्हणे, कागद निळा आहे. मग प्रिंटर त्यावर पिवळं ओतायचा आणि नवऱ्या मुली काविळीच्या दिसायच्या. शोधत गेले तेव्हा कळलं, कागदात धुण्याच्या पावडरीत असते तसली चमक घातली होती. डोळ्यांना न दिसणारे किरण पडले की ती निळी उजळते. ते किरण यंत्राच्या दिव्यातही होते. गाळणी लावून अडवले, तेव्हा माप सरळ आलं.

बाबांचा जांभळा दिवाही तेच किरण टाकत असणार. त्यांच्या टेबलावरचा कागद चमकीचा, राजनंदिनीचा बिनचमकीचा. पोरीची बाधा ती एवढीच.

दुसऱ्या दिवशी मी तिला, काकासाहेबाला आणि अप्पारावांना घेऊन शेडमध्ये गेले. बाबांपुढे एक फोटो पालथा ठेवला.

"कोणाचाय?"

"हाय एक जण. लोकांचा लई भरोसा हाय त्याच्यावर."

बाबांनी दिवा धरला. कागद मेल्यासारखा काळा. बाबांनी मान हलवली. "पुरता ग्रासलाय. ह्यानं लई जणांला फसवलंय. ह्याला दारात उभा करू नका."

"बराबर बोललात," मी म्हणाले आणि फोटो सुलटा केला. दारावरच्या फलकावरून मोबाइलवर टिपलेला बाबांचाच फोटो होता तो, मी बिनचमकीच्या कागदावर छापलेला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"काय करून राह्यली बाई तू? दिवा विटाळला," बाबा कडाडले.

"बिलकुल न्हाई विटाळला. अप्पाराव, पुढं या." मी दोन कागदांवर छापलेले चौकोनांचे तक्ते पालथे ठेवले. "ह्याला तोंड न्हाई, नाव न्हाई, गोत न्हाई. दोन्हींवर तेच चौकोन, तीच शाई. दिवा धरा."

एक उजळला, दुसरा काळा राहिला. मग अप्पारावांचाच धुतलेला रुमाल दिव्याखाली धरायला लावला. तोही बाबांच्या झब्ब्यासारखा चमकला. काकासाहेबानं पडदा ओढून बाजूला केला. दुपारच्या उन्हात दोन्ही कागद पांढरेच दिसले.

बाहेर आल्यावर अप्पाराव घाम पुसत म्हणाले, "झालं गेलं जाऊ द्या. पोरगी चांगली निघाली. लग्न ठरल्या दिवशीच करू."

काकासाहेबाचा चेहरा खुलला. तेवढ्यात राजनंदिनी अप्पारावांकडे वळून बोलली.

"मामा, मी चांगली निघाले न्हाई, मी होतेच. आज दिव्यानं सोडलं म्हणून नेताय. उद्या दुसरा दिवा निघंल, तवा काय करताल? तुमच्या पोरानं सोता येऊन बोलावं. मंग लग्नाचं बघू."

अप्पाराव रुमालाची घडी घालत राहिले. काकासाहेब काही बोलणार होता, मी त्याचा हात दाबला. मला त्या क्षणी पोरीचा फार अभिमान वाटला.

चुकीच्या उजेडात माझं महागडं यंत्रसुद्धा फसतं, म्हणून मी मोजण्याआधी दिवा तपासते. तुमच्या लेकीला कुणी मापायला बसला, तर आधी त्यालाच विचारा: दिवा कसला आहे, आणि पडदे का ओढलेत?