पूजेतला पाना

मित्रांनो, मी चित्रं टांगायची एक जुनी लोखंडी चौकट आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. लोखंड असून भित्री म्हणून हसाल. पण आधी ऐका, मग हसा.

माझा जन्म मानवतचा. तिथल्या चित्रकलेच्या शिक्षिका राजेश्रीबाईंना गावोगाव प्रदर्शन न्यायचं होतं. पण देवळाच्या, शाळेच्या भिंतीत खिळे कोण ठोकू देणार? बाईंनी टेबलावर रिकाम्या काडेपेट्या मांडून आमचा आराखडा केला. सारख्या मापाच्या आठ चौकटी, कोणतीही कोणत्याही चौकटीला जोडता यावी. सरळ लावल्या की भिंत, वळवल्या की कोपरा, सुट्या केल्या की जीपच्या टपावर. वेल्डिंगवाला नागनाथ म्हणाला, "म्याडम, समद्या बोल्टायला एकच पाना लागावा असं करू. लय पाने सांभाळायची कटकट नको." या युक्तीचं पुढे फार कौतुक झालं. माझ्या जिवावर मात्र तीच बेतली.

खंडेनवमीला पेडगावच्या देवळात प्रदर्शन होतं. नागनाथ सकाळपासून आम्हाला जोडत होता. मी टोकाची, म्हणून शेवटची. माझा वरचा बोल्ट त्याने हातानेच फिरवला, तेवढ्यात पूजेची हाक आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि मग त्यांना हात लावत नाहीत. नागनाथने पाना पुसून विळ्या-कुऱ्हाडींशेजारी देवीपुढे ठेवला.

"ऱ्हायलेला एक उद्या आवळतो," तो बाईंना म्हणाला. बाईही गडबडीत 'बरं' म्हणाल्या.

माझ्यावर गावातल्याच तानुबाईंची वाकळ, म्हणजे गोधडी, टांगली. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवण्यात त्यांचा जन्म गेला, पण त्याला कुणी कला म्हटलं ते पहिल्यांदाच. कौतुकाने त्या माझ्या पायाशीच बसल्या. बायका येत, वाकळ ओढून टाके बघत, आणि दर ओढीला माझा बोल्ट थोडा सुटे. मी भीतीने गारठले होते. मी पडले तर या म्हातारीची मान मोडेल, दुसरं काही सुचत नव्हतं. तोंड असतं तर ओरडले असते, मावशी, उठा तिथून.

शेवटी बोल्ट निसटला आणि तानुबाईंच्या ओटीत पडला. मी पुढे झुकले. नागनाथने धावत येऊन मला खांद्याने अडवलं. 

"पाना आणा कुणीतरी," बाई म्हणाल्या. कुणी जागचं हललं नाही.

"पुजेत हाय, म्याडम," नागनाथ पुटपुटला. "आज उचलता येत न्हाई. गावातले समदे पाने पुजेतच असतील."

तानुबाईंनी एकदा ओटीतल्या बोल्टाकडे पाहिलं, एकदा वर माझ्याकडे. गुडघ्यांवर हात टेकत त्या उठल्या, देवीपुढे गेल्या, हात जोडले आणि पाना उचलून आणला.

"देवीचं मी बघते," त्या म्हणाल्या. "तू आवळ."

पान्यावरचं कुंकू माझ्या बोल्टाला लागलं. नंतर दोन वर्षं आम्ही शाळेच्या पडवीत धूळ खात पडलो, गंजलो. कुंकू कधीच गेलं, भीती गेली नाही. आता पुन्हा प्रदर्शनाला, पालमला न्यायचं चाललंय.

मित्रांनो, मला हारफुलं नकोत. माझ्यावर कुणाच्या हातचं काम टांगाल, तेव्हा आधी माझे बोल्ट आवळा. खाली कुणीतरी निर्धास्त बसलेलं असतं.