नारिंगी गाडीला इंजिन

तू तेव्हा आठ महिन्यांची होतीस. मऊ भात भरवायला मी नुकतीच सुरुवात केली होती आणि तू तोंड घट्ट मिटून माझ्याकडे अशी बघायचीस की शेवटी तो चमचा माझ्याच तोंडात जायचा. सत्याऐंशी साल. त्याच दिवसांत आपल्या वेसाव्याच्या अंगणात, जाळी पसरायच्या जागेवर, एक नारिंगी गाडी येऊन बसली होती.

बसली होती हेच खरं, कारण तिचं इंजिन मेलेलं होतं. जवळच्या सात बंगला भागातल्या एका डॉक्टरांची ती जपानी गाडी, चौऱ्याहत्तर सालची, स्टीअरिंग डावीकडे. डॉक्टर कायमचे परदेशी निघाले तेव्हा ती तुझ्या बाबांना देऊन गेले, कारण त्यांची छोटी मोटारबोट इतकी वर्षं बाबांनीच सांभाळली होती. तुझे बाबा हरेश्वर म्हणजे अख्ख्या कोळीवाड्यातल्या बोटींच्या इंजिनांचे वैद्य. स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते आजार सांगायचे. पण गाडी चालवता त्यांना येत नव्हती. ती मला येत होती. माहेरी मनोरीला भावाच्या टेम्पोवर मी शिकले होते. लायसन्ससुद्धा काढलं होतं आणि लग्नानंतर ते ट्रंकेच्या तळाशी, शालूखाली गेलं होतं.

त्या गाडीत मी भुलले ते तिच्या मागच्या दाराला. काचेसकट अख्खं दार वर उचललं जायचं. मागची सीट पाडली की चार पाट्या आरामात मावतील, हे मी पहिल्याच दिवशी आजीची रिकामी पाटी आत ठेवून बघितलं होतं. तुझी आजी, अंजनाबाई, मालाडच्या बाजारात मासळी विकायची. बसमध्ये पाटी चालत नसे. सगळ्या बायकांनी मिळून ठरवलेल्या टेम्पोत पाट्या चढल्या की माणसांना जागा उरेल ती. आजी कडेला, एका हाताने दांडी धरून, दुखऱ्या गुडघ्यांवर मालाडपर्यंत उभी. ती कधी बोलली नाही. पण घरी आल्यावर उंबऱ्यावर बसून दोन्ही गुडघ्यांवर तळवे ठेवायची.

म्हणून ती गाडी मला हवी होती. मात्र अंगण तुझ्या आजोबांचं होतं. धर्मा तांडेल. पावसाळ्यात बोटी वर ओढलेल्या, जाळी शिवायचे दिवस, आणि शिवायच्या जागेवर हे नारिंगी धूड. त्यांनी एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. नारळी पुनवेला सगळे बंदरावर नारळ द्यायला निघतील. त्या दिवशी ही गाडी स्वतःच्या पायाने बंदरावर आली तर राहील. नाही आली, तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला. हातात सहा आठवडे होते.

सगळ्यात आधी इंजिन घेऊन आला तो दादू, बाबांचा मित्र, दुबईहून सुट्टीवर आलेला. इंजिन म्हणजे, इंजिनाचं चित्र. गुळगुळीत कागदाचा कॅटलॉग. त्यात टर्बो होता. दादूने समजावलं की साधं इंजिन आपली आपण हवा ओढतं, पण टर्बोला पंखा असतो, तो हवा दाबून दाबून इंजिनात कोंबतो, म्हणून लहान इंजिन मोठ्यासारखं पळतं. बाबांचे डोळे असे चमकले की मला त्यांची दयाच आली. मी तेव्हा तुला मांडीवर घेऊन भात भरवत होते आणि तू तो थुंकत होतीस.

"कोंबून काय होतं ते बघा," मी म्हटलं आणि माझ्या पदरावरचा भात दाखवला. "जेवढी हवा स्वतः ओढेल तेवढीच ओढू दे. हा पंखा बिघडला तर वेसाव्यात कोण दुरुस्त करणार? दुबईला पाठवायचा?"

दादू म्हणाला, वहिनीला स्पीडमधलं काही कळत नाही. मी म्हटलं, बोंबलाला स्पीड नको, बर्फ वितळायच्या आत मालाड हवं. टर्बो तिथेच संपला, पण कॅटलॉग बाबांनी उशीखाली ठेवला, हे मला चादर बदलताना कळलं.

मग आमच्या कुर्ल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. बाबांनी बॉनेटखालची जागा जाळ्याच्या दोरीने मोजली होती. लांबीला एक गाठ, रुंदीला एक, उंचीला एक. ती दोरी माझ्या पर्समध्ये. तुला आजीकडे ठेवून आम्ही दोघं भंगाराच्या गल्लीत शिरायचो. तेलाचा वास, पायाखाली काळा चिखल, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच आम्ही दोघंच कुठेतरी. खरं सांगते, जत्रेत फिरल्यासारखं वाटायचं.

बाबांचा जीव डिझेलवर. एका टेम्पोचं इंजिन त्यांना इतकं आवडलं की त्यांनी त्याच्यावरून हात फिरवला. मी दोरी लावली. दोन बोटं जास्त. बॉनेट थोडं कापू, असं ते म्हणाले. आणि वजन? मी विचारलं. हे पुढे ठेवलं तर गाडी नमस्कार करूनच चालेल. मग टॅक्सीचं पेट्रोल इंजिन. ते लांबीच्या गाठीच्या वीतभर पुढे गेलं. तिसऱ्या खेपेला कोपऱ्यात, गोणपाटावर, मला ते दिसलं. नवीन छोट्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या ना, त्यातल्याच एका आपटलेल्या गाडीचं. तीन सिलिंडर, हलकं, दोन माणसांनी उचलावं असं. मी दोरी लावली. तिन्ही गाठींच्या आत बसलं.

दुकानदाराने बॅटरी जोडून ते चालू करून दाखवलं. कसलीही कोंबाकोंब नाही, कार्बोरेटरच्या तोंडाशी हात धरला तर तळवा ओढल्यासारखा वाटायचा. तू दूध पिताना ओढायचीस तसाच. बाबांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले, आणि मान हलवली. दुकानदार म्हणाला, ह्याचा गिअरबॉक्सपण घेऊन जा, जोडी तोडू नका. बाबांनी ऐकलं नाही. आमचा गिअरबॉक्स ठणठणीत हाय, म्हणाले. इंजिन घेऊन आम्ही निघालो. मी रस्ताभर त्याच्यावर हात ठेवून बसले होते.

दादूने तीन सिलिंडर मोजून, ह्या रिक्षाला मीटर कधी बसवणार, असं विचारलं. तरी सुट्टी संपेपर्यंत रोज येऊन पाने-पक्कड हातात द्यायला तोच बसायचा. इंजिन गिअरबॉक्सला जोडायची पट्टी अंधेरीच्या लेथवाल्याने करून दिली. चाकांकडे जाणारे दांडे मात्र त्याने पुनवेच्या आदल्या संध्याकाळी दिले. इंजिन तोवर दहादा चालू करून झालं होतं. गिअर एकदाही टाकून बघितला नव्हता.

पुनवेच्या सकाळी घरात सगळ्या जणी नव्या लुगड्यात, केसांत वेण्या. सोन्याचा कागद लावलेला नारळ पाटावर तयार. आजोबा पांढऱ्या शर्टात ओट्यावर. मी गाडीत बसले, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि गाडी मागे गेली. धाडकन पाण्याच्या पिंपावर. मला वाटलं मीच चुकले. दुसरा टाकला. परत मागे, जास्त जोरात. आजीने तुला छातीशी धरलं. शेजारच्या बायका हसायला लागल्या.

बाबा गाडीखाली शिरले आणि बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा मी आजही विसरले नाही. बोटीत इंजिन कुठल्या बाजूने फिरतं हे कोणी विचारत नाही. उलटं फिरलं तर उलट्या पात्यांचा पंखा लावायचा, झालं काम. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. पण आपल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स एका बाजूने फिरणाऱ्या इंजिनासाठी बनवलेला, आणि हे इंजिन फिरायचं दुसऱ्या बाजूने. म्हणून पुढचे चारही गिअर मागे नेत होते. दुकानदार जोडी तोडू नका म्हणाला, ते ह्यासाठी.

"वाट लागली, शेवंती," ते हळूच म्हणाले. "चाकाला उलटा पंखा कुठून आणू?"

बँड गल्लीत शिरला होता. आजोबांनी नारळ उचलला होता. मी गिअरच्या दांड्याकडे बघत बसले होते, आणि एकदम वाटलं, पुढचे मागे नेतात, तर मागचा कुठे नेईल?

मी रिव्हर्स टाकला. क्लच हळूहळू सोडला. नारिंगी गाडी, तेलाने माखलेली, पिंपाला पोचा पाडलेली, पुढे निघाली.

मी आजीला हाक मारली. तिने मागचं दार वर उचललं आणि तिथेच, पाट्यांच्या जागेवर, पाय बाहेर सोडून, तुला मांडीवर घेऊन बसली. आम्ही बँडच्या मागे लागलो. एकच गिअर, तोही सगळ्यात धिमा. माणसाच्या चालीपेक्षा फार काही जास्त नाही. पण मिरवणुकीला कुठे जास्त लागतं? बाबा बाजूने चालत होते, एक हात गाडीच्या टपावर, जणू गाय सांभाळून नेतायत. रिव्हर्सचा तो रडका आवाज ढोलात बुडून गेला. लोक बाजूला होत होते आणि टपावर अबीर टाकत होते.

बंदरावर पूजेसाठी बँड थांबला, आणि आवाज उघडा पडला. आजोबा बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान होते. इंजिनाचा सूर बदलला की झोपेतून उठणारा माणूस. ते नारळ हातात घेऊन गाडीपाशी आले.

"हरेश्वर, ही कंच्या गिअरात आली?"

बाबा टपावरचा अबीर पुसायला लागले.

"रिव्हर्समध्ये," मी आजोबांना म्हटलं. "पुढे एकच गिअर आहे. मागे चार आहेत."

त्यांनी चाकांकडे बघितलं, मग वाळूपर्यंत आलेल्या चाकांच्या खुणांकडे. मागे, उघड्या दारात बसलेल्या आजीकडे बघितलं. ती गुडघ्यावर हात न ठेवता बसली होती. तू तिच्या वेणीतली अबोली उपटून खात होतीस.

"मी बोललो होतो, स्वतःच्या पायानं बंदरावर," आजोबा म्हणाले. "सुलट का उलट, ते नव्हतो बोललो." मग सोन्याचा नारळ त्यांनी आधी बॉनेटला टेकवला आणि मग दर्याकडे वळले.

कुर्ल्याहून तो जोडीचा गिअरबॉक्स बाबांनी पुढच्याच सोमवारी आणला, आणि दिवाळीच्या आधी मी आजीला तिच्या पाट्यांसकट मालाडला सोडायला लागले. पण त्या दिवशी तो नव्हता, आणि घरी तर जायचं होतं. मी म्हटलं, आता कशाला रडत जायचं, चार गिअर आहेत. मान वळवली, दुसरा टाकला, आणि नारिंगी गाडी उलटी, झोकात, कोळीवाड्यात शिरली. बाबा मागून, म्हणजे पुढून, पळत येत होते. आणि सगळ्यांच्या आधी, उघड्या दारात पाय सोडून, तुला मांडीवर घट्ट धरून, तुझी आजी येत होती. लोकांना हात करत.