काळ्या ट्रंकांच्या मागे

मित्रांनो, माझ्या पोटाखाली चिकटवलेल्या कागदावर माझा जन्म सहा वर्षांपूर्वीचा दाखवला आहे. माणसाची सहा वर्षं म्हणजे पहिलीचा वर्ग, पण माझ्या जातीत सहा वर्षं म्हणजे चक्क म्हातारपण. मी राउटर आहे. दोन शिंगांचा, एके काळी पांढराशुभ्र, आता जरासा पिवळट. भिंतीतून येणारी वायर माझ्यापर्यंत येऊन थांबते आणि तिथून पुढे, वायरशिवाय, घरभर इंटरनेट पोहोचवायचं काम माझं. ते काम मी चोख करतो. हे माझं मीच सांगतो आहे, कारण मध्यंतरी दुसरं कुणी सांगायला तयार नव्हतं.

कारखान्यात माझ्यासारखे हजार भाऊ एका रांगेत होते. तिथून मी खोक्यात बसून जामनगरच्या एका दुकानात आलो आणि देवेंद्रसाहेबांनी मला विकत घेतलं. साहेब हवाई दलात आहेत, रडार सांभाळतात. आकाशात शंभर कोस लांब उडणारं विमान कुठे आहे, हे ते खोलीत बसून सांगतात. असा जाणकार मालक मिळाला म्हणून मी तेव्हा फार खूश झालो होतो. पुढे काय झालं ते ऐकाच!

हवाई दलातल्या घरांना कपाटांपेक्षा ट्रंकांचा भरवसा जास्त. दोन-तीन वर्षांनी बदलीचा कागद येतो आणि सगळं घर ट्रंकांत भरून निघतं. आमच्याकडे नऊ आहेत. काळ्या, लोखंडी, अंगावर पांढऱ्या रंगात साहेबांचं नाव आणि आकडा. प्रत्येक झाकणाच्या आतून आतल्या सामानाची यादी चिकटवलेली. जामनगरहून चंदीगडला मी ट्रंक क्रमांक चारमधून आलो, साहेबांच्या पत्नी निशिगंधाबाईंच्या दोन स्वेटरांत गुंडाळून, प्रेशर कुकरच्या शेजारी. कुकर वाटभर गप्प होता, हे त्याचे उपकारच.

या घराची लेक भार्गवी, वय वर्षं चौदा. तिला मराठी सगळं कळतं, पण आईनं मराठीत विचारलं की उत्तर हिंदीत येतं. बिचारीचा तरी काय दोष? बिदर, तेजपूर, जामनगर आणि आता चंदीगड, चार गावं आणि चार शाळा. प्रत्येक गावी एक जिवलग मैत्रीण झाली आणि प्रत्येक वेळी ट्रंका भरल्या की ती मागे राहिली. बरोबर आली ती एकच गोष्ट, सुमित्राताईंची गाण्याची शिकवणी. सुमित्राताई मिरजेच्या. लहानपणी निशिगंधाबाईही त्यांच्याकडेच शिकल्या. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला ताई तिकडून एक ओळ म्हणतात आणि भार्गवी इकडून तीच ओळ म्हणते. गाताना तिचं मराठी इतकं स्वच्छ येतं की ऐकत राहावं. जामनगरपासून ती ओळ मी इकडून तिकडे नेतो आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

आता माझ्या वनवासाची गोष्ट. गेल्या दिवाळीत निशिगंधाबाईंनी साहेबांच्या कचेरीतल्या सगळ्यांच्या बायकांना फराळाला बोलावलं. चंदीगडच्या घरात ट्रंका हॉलमध्ये भिंतीपासून हातभर फट सोडून एकीवर एक रचलेल्या, वर सोलापुरी चादर, जणू भलंमोठं कपाटच. निशिगंधाबाई तशा फार नीटनेटक्या. मिक्सरला झबलं, फ्रिजच्या दांडीला रुमाल, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. माझे लुकलुकणारे दिवे आणि लोंबणाऱ्या वायरी त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागल्या. त्यांनी मला टेबलावरून उचललं, ट्रंकांच्या मागे भिंतीशी ठेवलं आणि वर क्रोशाचा रुमाल घातला. पाहुण्या आल्या, चकल्या खाऊन गेल्या. मला मात्र परत काढायचं राहूनच गेलं.

माझ्या पाठीशी भिंत, तोंडाशी नऊ लोखंडी ट्रंका, आणि ट्रंकांत तांब्या-पितळेची भांडी. भार्गवीची खोली नेमकी पलीकडच्या अंगाला. लोखंडातून माझा आवाज जाईल कसा? मी जीव तोडून ओरडत होतो आणि पलीकडे पोहोचत होतं ते नुसतं कण्हणं. टीव्हीची वायर मात्र थेट माझ्यात खोचलेली, त्यामुळे साहेबांचे क्रिकेटचे सामने झकास दिसत. मग शंका येणार कुणाला?

भार्गवीची शिकवणी अडखळायला लागली. जानेवारीत सगळ्यांनी धुक्याला नावं ठेवली. फेब्रुवारीत शेजाऱ्यांना. मार्चमध्ये माझी पाळी आली. "जुना झालाय तो," साहेब म्हणाले, आणि मी रुमालाखाली ऐकलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही मला म्हणाल. पण मित्रांनो, माझं अंगण खरंच वाकडं होतं!

एप्रिलमधल्या एका गुरुवारी ताई मध्येच थांबल्या. त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. म्हणाल्या, "भार्गवी, तुझा सूर मला अर्धाच ऐकू येतो. अर्ध्या सुराला मी काय दुरुस्त करू? आपण काही दिवस थांबू या."

काही दिवस म्हणजे किती, हे त्या पोरीला चांगलं ठाऊक होतं. तिच्या मैत्रिणीही काही दिवसांसाठीच मागे राहिल्या होत्या. जेवताना ती एवढंच म्हणाली, "बाबा, अब ताई भी गई." साहेबांनी ताट बाजूला सारलं आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं, तिप्पट वेगाचं इंटरनेट घ्यायचं, नव्या राउटरसकट. निशिगंधाबाईंनी आठवण करून दिली की ते लोक वर्षभरासाठी बांधून घेतात आणि आपली बदली कधीही येईल. साहेब म्हणाले, येऊ दे. बाईंनी लेकीकडे पाहिलं आणि मान डोलावली. जोडणी करणारे हरजीत सिंग शनिवारी सकाळी येणार असं पक्कं झालं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. निघायची वेळ सगळ्यांवर येते, त्याचं दुःख नाही. पण न केलेल्या चुकीपायी निघायचं, हे फार लागलं.

शुक्रवारी दुपारी भार्गवी शाळेतून आली आणि दप्तर टाकून सरळ ट्रंकांच्या मागच्या फटीत शिरली. लहानपणापासूनची तिची ही जागा. गाव बदलतं, भिंती बदलतात, पण ट्रंकांमागची फट सगळीकडे तशीच असते. रडायचं झालं की ती तिथे बसते. बसताना तिचा कोपर लागून माझ्यावरचा रुमाल खाली पडला. गुडघे पोटाशी घेऊन तिनं, शिकवणीला लावायची तसाच, माझ्यामार्फत ताईंना फोन लावला. एका चिठ्ठीवर तिनं काहीतरी लिहून आणलं होतं, निरोपाचं असावं. ती चिठ्ठी तिनं वाचलीच नाही. थांबत थांबत, एकेक शब्द शोधत ती मराठीत म्हणाली, "ताई, मला थांबायचं नाही."

पलीकडून ताईंनी विचारलं, "अगं, कुठे बसली आहेस तू? आज किती स्पष्ट येतंय! सा लाव बघू."

भार्गवीनं सा लावला. माझ्यापासून जेमतेम वीतभर अंतरावर. मित्रांनो, सहा महिने दाबून ठेवलेला सगळा जोर मी त्या सुराखाली लावला. एकदाही तुटू दिला नाही. ताईंनी ओळीमागून ओळ घेतली आणि तासभर शिकवणी चालली. निशिगंधाबाई हातात पळी घेऊन येऊन उभ्या राहिल्या. साहेब गणवेशातच घरात शिरले आणि बघतात तर लेक ट्रंकांमागे गाते आहे. त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या नऊ ट्रंकांकडे. रडारवाल्या माणसाचे कान हळूहळू लाल झाले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," निशिगंधाबाई म्हणाल्या. मग खाली पडलेला रुमाल त्यांनीच उचलला आणि गुपचूप घडी करून ठेवून दिला. ठेवणारे हात त्यांचेच होते ना!

शनिवारी हरजीत सिंग नवं खोकं घेऊन हजर. तोवर साहेबांनी मला हॉलच्या मोकळ्या फळीवर, उंच ठेवलं होतं. हरजीत सिंगांनी भार्गवीच्या खोलीत जाऊन वेग मोजला, दोनदा मोजला. चहा पिताना म्हणाले, "सर जी, बच्ची के गाने के लिए तो ये बहुत है. जब कम पड़े, तब बुला लेना." आणि खोकं घेऊन निघून गेले. मला हा माणूस आवडला. मी काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही. उद्या घरात कामं वाढतील, मी पुरा पडणार नाही, तेव्हा मला खुशाल निवृत्त करा, मी कुरकुर करणार नाही. पण कुठलीही वस्तू टाकायच्या आधी तिला आपण कुठे कोंबलं आहे, तेवढं वाकून बघत जा. एवढंच माझं मागणं आहे.

गेल्या आठवड्यात बदलीचा कागद आला. जोधपूर. ट्रंका पुन्हा उघडल्या आहेत. बांधाबांध शुक्रवारी सुरू करायची, गुरुवारी नाही, असं भार्गवीनं बाबांना बजावलं आहे. दर वेळी याद्या साहेब इंग्रजीत लिहितात. या वेळी चौथ्या ट्रंकेची यादी भार्गवीनं मागून घेतली आणि मराठीत लिहिली. एका जोडाक्षरावर अडली, तेवढं आईला विचारलं. मी फळीवरून वाचलं. कुकर. आईचे दोन स्वेटर. राउटर. राउटर सगळ्यात शेवटी भरायचा आणि सगळ्यात आधी काढायचा. ट्रंकांच्या मागे ठेवायचा नाही.

मग थोडा विचार करून तिनं खाली आणखी एक ओळ लिहिली.

सांभाळून. यात ताई असतात.