मनकर्णाबाईच्या डोक्यावरची हडळ

सावलबोडीच्या शाळेच्या मैदानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चामोर्शीचा बाजार टाकून माणसं आली होती, कुणी सायकलवर, कुणी बंडीत. मांडवात जागा मिळाली नाही ते शाळेच्या भिंतीवर चढून बसले होते. मांडवात होते पांढऱ्या शुभ्र धोतरातले छायानाथ महाराज. महिनाभरापूर्वी ते राजुऱ्याकडून उगवले होते आणि फोटो पाहून बाधा ओळखतात अशी त्यांची ख्याती होती. आत्ताही त्यांच्या हातात पोस्टकार्डाएवढा एक फोटो होता.

“कॅमेरा झूठ नहीं बोलता!” महाराज गरजले. “माणूस खोटं बोलते, साहेब खोटं बोलते, बायको तं बोलतेच बोलते. पण मशीन? मशीनले ना जात, ना नाता, ना रिश्ता! पाहा, आपल्या डोळ्यानं पाहा!”

फोटो हातोहात फिरला. बचत गटाच्या बारा बाया तलावाच्या पाळीवर दोन रांगांत उभ्या. मागच्या रांगेत उजव्या टोकाला सगळ्यांत उंच मनकर्णाबाई. आणि तिच्या डोक्यावर, लख्ख आभाळात, काळपट असं काहीतरी. इवलंसं डोकं, वाकलेली पाठ, मागं सुटलेले केस.

“बापा बापा! बाईच हाय हे तं!”

“केस पाह्य, केस!”

महाराजांनी दुसरा फोटो काढला, मग तिसरा. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल. तीन महिने, तीन फोटो, आणि तिन्हींत मनकर्णाबाईच्या डोक्यावर तीच हडळ.

गटानं त्या वर्षी गावचा तलाव मासेमारीला घेतला होता. मनकर्णाबाई गटाची अध्यक्ष. मे महिन्यात एका दुपारी सगळ्या मासोळ्या पोट वर करून तरंगल्या. “पाणी गुडघाभर राह्यलं, तेबी उकळून राह्यलं. मासोळी मरन नाई तं का करन?” असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. पण इतकं साधं कारण कुणाला हवं असतं! मोठं कारण महाराजांकडे तयार होतं.

“मासोळी इनेच खाल्ली! आता लेकरं खाईल! एकवीस दिवसांत या बाईनं गाव सोडावं, नाई तं गावाचं वाटोळं!”

“महाराज,” कुणीतरी धीर करून विचारलं, “मांडवातल्या लग्नाच्या फोटोत हे दिसत नाई. असं काऊन?”

“ये धूप की डायन है, बच्चा! उन्हात फिरते. सावलीत तिची ताकद नाई.”

काय ती हजरजबाबी विद्या! लोकांनी माना डोलावल्या. मनकर्णाबाई मांडवाच्या कडेला उभी होती. तिच्या आजूबाजूच्या बाया हळूहळू सरकल्या आणि तिच्याभोवती चार हात मोकळी जागा झाली.

आता महाराजांच्या शेजारच्या खुर्चीकडे पाहा. गळ्यात शेला, हातात नारळ, चेहऱ्यावर नवरदेवाचं तेज. हा हेमराज निकोडे, निकोडे फोटो स्टुडिओ, चामोर्शी. तिन्ही फोटो यानंच काढलेले. आणि गंमत अशी, की हाच हेमराज तालुक्यातला एकमेव विज्ञानवादी म्हणून मिरवायचा. कुठल्याशा शिबिरात दोन दिवस जाऊन नारळातून करणी काढायचा प्रयोग शिकला होता आणि दर प्रजासत्ताक दिनाला शाळेत करून दाखवायचा. “डोळे उघडे ठेवा!” असं पोरांना ओरडून सांगायचा. त्या दिवशी मात्र महाराजांनी “हा कॅमेरा दैवी आहे” म्हणून शेला घातला आणि गड्याचे डोळे आनंदानं मिटले. खरं तर थोडा घाबरलाही होता. घरी जाऊन कॅमेऱ्याच्या पिशवीला त्यानं काळा दोरा बांधला. बायकोनं, रीतानं, पाहिलं तर म्हणाला, “पिशवी ओळखू यावी म्हणून.”

त्या दैवी कॅमेऱ्याची कुळकथाही ऐकून घ्या. २००८ साल. रोलचा धंदा बसला होता, सगळ्यांना डिजिटल हवं होतं. हेमराज नागपूरला गेला आणि एका दुकानातून सेकंडहँड डिजिटल कॅमेरा घेऊन आला. भिंग घ्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून कॅमेरा नुसताच आणला, बिनडोळ्याचा. घरी जुन्या रोलच्या कॅमेऱ्याची हातानं फिरवायची दोन भिंगं होती, ती त्याला बसली. गावभर सांगितलं काय? “नवा कोरा. डायरेक्ट जपान.”

पण जुन्या भिंगांना कॅमेरा काही मदत करेना. फोकस आपोआप होईना, उजेडाचं माप दिसेना. जुन्या कॅमेऱ्यात डोळा लावला की मधोमध एक गोल दिसायचा, त्यातले दोन तुकडे जुळले की फोकस बरोबर. नव्यात तो गोलच नाही! पहिल्या लग्नात नवरीचं नाक धूसर आणि मागचा बँडवाला साफ. तेव्हा हेमराजनं पळवाट शोधली. भिंगाचं छिद्र जितकं बारीक करावं तितकं पुढचं-मागचं सगळंच साफ दिसतं. मग उन्हात तो छिद्र सुईएवढं करायचा आणि अंदाजपंचे दाहोदरसे बटण दाबायचा. मांडवातल्या अंधारात ते जमत नसे, तिथं छिद्र सताड उघडं ठेवून देवाचं नाव घ्यायचा. विज्ञानवादी असूनही.

सभेनंतर तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई डोक्यावर टोपली घेऊन दुकानात आली. टोपली भरलेलीच होती. वैनगंगेच्या मासोळ्या घेऊन ती सकाळपासून बाजारात बसली होती, पण तिच्या हातची मासोळी कुणी घेतली नव्हती.

“हेमराजभाऊ, मले एक सांगा. हा कोणाचा फोटो होय?”

तिनं बोट दाखवलं त्या दर्शनी भिंतीवर शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पहिल्या आलेल्या बैलजोडीचा मोठा फोटो होता.

“पटाचा होय. अना पाहा, टायमावर घार पण आली वरतं! अशी घार सापडत नाई कोणाले.” हेमराजला राहवलं नाही.

“घार?” मनकर्णाबाईनं पदराखालून आपले तीन फोटो काढले आणि बैलजोडीशेजारी धरले. “घारीले केस असते काजी? मी तं पटाले गेलीच नोती. मंग माही हडळ बैलाच्या डोस्क्यावर काऊन बसली?”

हेमराज पुढं झाला. तोच उजवा कोपरा. तेच डोकं, तीच वाकलेली पाठ. चार महिने तो या घारीचं कौतुक सांगत होता!

“भाऊ, मी जाळं टाकणारी बाई. जाळ्याले भोक असलं तं मासोळी दरवेळी तिथूनच निसटते. त्याच्यात मासोळीचा गुन्हा नसते. तुमचं जाळं पाहा.”

“पाहतो, बाई. पाहतो मी,” हेमराज म्हणाला. टोपली उचलून ती गेली.

दार लोटून त्यानं भिंग काढलं, आतला आरसा वर केला आणि निगेटिव्ह मोठी करून पाहायची लूप डोळ्याला लावली. आत, जिथं चित्र उमटतं त्या चकचकीत पट्टीवर, एक धागा पडला होता. तिळाएवढा. एका टोकाला गाठ, मधे बाक, दुसरं टोक पिंजलेलं. गाठ म्हणजे डोकं, पिंजलेलं टोक म्हणजे केस. हेमराजनं गळ्यातल्या दुपट्ट्याकडे पाहिलं. खळ्यात, बाजारात, धुरळ्यात भिंग बदलताना तो याच दुपट्ट्यानं कॅमेऱ्याचं तोंड पुसायचा.

सावलबोडीची हडळ म्हणजे त्याच्याच दुपट्ट्याचं पोर!

आता शहाणा माणूस काय करेल? उठेल, गावात जाईल, सांगेल. हेमराजनं दार उघडलं आणि पुढच्या गिऱ्हाईकाला खुर्ची दिली. कारण दुकानासमोर रांग लागली होती. जो तो आपल्या डोक्यावर काही आहे का ते पाहायला येत होता. आणि खरं सांगायचं तर बरंच काही सांगावं लागणार होतं. कॅमेरा सेकंडहँड आहे, फोकस जमत नाही म्हणून छिद्र बारीक करतो, आणि लाखमोलाची चीज दुपट्ट्यानं पुसतो. ‘उद्या सांगू’ म्हणत त्यानं दिवस ढकलले. मनकर्णाबाई रोज बाजारातून परतताना दुकानावरून जायची, टोपली तशीच भरलेली, आणि हेमराज रोज काहीतरी शोधायला टेबलाखाली वाकायचा.

विसाव्या दिवशी रीतानं विचारलं, “ते बाई उद्या गाव सोडून राह्यली म्हणते. आज बोचकी बांधून राह्यली. तुमी का शोधता हो टेबलाखाली रोज?”

हेमराजनं एका दमात सगळं सांगून टाकलं. रीता हसली नाही.

“म्हणजे तुमची इज्जत राहावी म्हणून तिनं गाव सोडावं?” एवढंच म्हणाली आणि पिशवीचा काळा दोरा तोडून त्याच्या हातात ठेवला.

एकविसाव्या दिवशी मैदान पुन्हा भरलं. हेमराज हात जोडून म्हणाला, “महाराज, बाईले धाडण्याआधी एक शेवटचा फोटो होऊन जाऊ द्या. गट अना तुमी. तुमी पुढं, डाव्या बाजूले, खुर्चीवर.” फोटोला नाही म्हणणारा महाराज अजून जन्माला यायचा आहे. ते धोतर सारखं करून बसले. मनकर्णाबाई मागं, उजव्या टोकाला, नेहमीच्या जागी.

हेमराजनं कॅमेरा उलटा धरला आणि बटण दाबलं.

“अबे, उलटा काऊन धरला?” सरपंच खुशालभाऊ ओरडले.

“सांगतो. टीव्ही आना.”

शाळेतला छोटा टीव्ही टेबलावर आला, कॅमेऱ्याची वायर जोडली. त्या दिवशी भर दुपारी वीज होती, हा या गोष्टीतला एकमेव चमत्कार. पडद्यावर सगळे खाली डोकं, वर पाय दिसले.

“आता टीव्ही पालथा करा, भाऊ.”

खुशालभाऊंनी आणि दोघांनी मिळून टीव्ही डोक्यावर उभा केला. माणसं सरळ झाली. मनकर्णाबाईच्या डोक्यावर स्वच्छ आभाळ होतं. आणि महाराजांच्या पांढऱ्या शुभ्र धोतरावर, थेट मांडीत, केस सोडून हडळ बसली होती.

मग भिंतीवरून आवाज आला, “महाराज, तुमची बाई होय का हे?”

मैदान हास्यानं फुटलं. “ये मशीन भ्रष्ट हो गई!” महाराज उठत ओरडले.

“काऊन? परवा तं मशीन खोटं बोलत नोती!” खुशालभाऊ म्हणाले.

हेमराज खुर्चीवर चढला. “मशीन खरंच बोलते. खोटं मी बोललो. हा कॅमेरा जुना होय, सेकंडहँड. मले फोकस करता येत नाई, म्हणून मी भिंगाचं छिद्र बारीक करतो. ढगाळ दिवशी तुमची सावली पडते का? नाई पडत, उजेड चहूकडून येते. कडक उन्हात एकाच बाजूनं येते, मंग सावली ठसठशीत. कॅमेऱ्यात तसंच होय. छिद्र मोठं असलं तं आतल्या कचऱ्याची सावली पुसली जाते, बारीक केलं तं उमटते. म्हणून हडळ मांडवात दिसत नोती, उन्हात दिसत होती. कचरा जागचा हालत नाई अना मनकर्णाबाई उंच, दरवेळी मांगं उजव्या कोपऱ्यात उभी राहते. एवढाच तिचा गुन्हा.”

त्यानं भिंग काढलं, कॅमेऱ्याचं तोंड खाली केलं आणि कान धुवायच्या रबरी फुग्यानं आत हवा मारली. तीनदा. चौथ्यांदा खाली धरलेल्या पांढऱ्या कागदावर हडळ पडली. पुन्हा फोटो काढला. आभाळ कोरं. लोक कागदाभोवती दाटले तेव्हा महाराजांची ध्यानाची वेळ झाली. धोतर सावरत ते जे गेले, ते पुन्हा त्या वाटेला दिसले नाहीत.

हेमराजला वाटलं, आता मनकर्णाबाई हात जोडेल. ती आली, कागदावरचा धागा पाहिला, मग त्याच्या गळ्यातला दुपट्टा.

“तुमाले कई कळलं, भाऊ?”

“तुमी आल्या होत्या त्याच दिवशी.”

“अठरा दिवस झाले,” ती म्हणाली. “अठरा दिवस माह्या घरचं पाणी कोणी पेलं नाई. महाराज तं बाहेरचा. त्याले कुठी माहीत होतं? तुमाले माहीत होतं.” आणि बांधलेली बोचकी सोडायला ती घरी गेली.

तो धागा आज पुठ्ठ्यावर चिकटवलेला, काचेखाली, हेमराजच्या दुकानात आहे. कुणी विचारलं तर तो सगळी गोष्ट सांगतो, स्वतःला शिव्या घालत, शेल्यापासून टेबलाखालच्या शोधापर्यंत काही गाळत नाही. आणि शेवटी म्हणतो, “चमत्कार दिसला तं उलटा करून पाहा, झटकून पाहा, अना ज्याच्यावर आळ आला त्यालेबी विचारा, त्यालेच जास्त दिसते. अना एकदा कळलं तं त्याच दिवशी बोला. मी अठरा दिवस लावले.”