पेटीचं विरजण

ग्रहण सुटलं की आमच्या सासूबाईंना, येसूबाईंना, घरात साठवणीचं पाणी चालत नाही. माठ, कळशी, पिंप, सगळं उपडं. जुलैतल्या त्या खग्रास ग्रहणाला मी नेमकी पादरा गावी माहेरी आणि माझा नवरा श्रीकृष्ण रिफायनरीत पहिल्या पाळीला. सासूबाईंनी कामवालीला हाताशी धरलं आणि हॉलमधली माशांची पेटीही रिकामी केली!

साधी पेटी नव्हती हो ती. समुद्रासारखं खारं पाणी, जिवंत पोवळी, खडक. श्रीकृष्ण तिच्याशी जेवढं बोलायचा, तेवढं माझ्याशी बोलला असता तर मी धन्य झाले असते. सासूबाईंनी खडक काथ्यानं घासले, उन्हात वाळवले, पेटीत नळाचं गोडं पाणी भरलं आणि मासे त्यात सोडले. सगळे गेले. एकच नारिंगी पट्ट्यांचा मासा जुन्या पाण्याच्या बादलीत तळाशी राहून वाचला.

श्रीकृष्ण ओरडला असता तर बरं. तो गप्पच झाला. कामापुरतं बोलायचा, पण 'आई' ही हाक काही तोंडातून येईना. सासूबाई नुसता भात चिवडत बसायच्या. "माझ्या हातून जीव गेले गं, कांचन." मायलेकांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालावी, असं मला वाटायचं. पण एका दुपारी त्या बादलीशी बसून माशाला "खा रे बाबा, तू तरी राहा" म्हणत होत्या, तेव्हा मी दारातूनच मागे फिरले.

नवं खारं पाणी तयार झालं, खडक पुन्हा मांडले, तरी श्रीकृष्ण मासा पेटीत सोडेना.

"आता काय मुहूर्त काढायचाय?" मी विचारलं.

"खडकात जिवाणू असतात. माशांच्या घाणीचं विष होतं, ते तेच संपवतात. ते सगळे मेले. चालू पेटीतला एखादा खडक आणून ठेवला तर पुन्हा वाढतील. गजेंद्रकडे आहे, पण मी नाही मागणार. हसेल तो."

सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. पदराला हात पुसत बाहेर आल्या. "म्हणजे विरजण संपलंय. मग मागून आणायचं. विरजण मागायला कसली आलीय लाज?"

आणि गेल्या की! लोणच्याची धुतलेली बरणी, डब्यात चिरोटे, रिक्षानं थेट अलकापुरीत, श्रीकृष्णाच्या या मित्राच्या दारात. गजेंद्र मला नंतर म्हणाला, "वहिनी, काकूंनी आत यायच्या आधीच सांगितलं, 'मासे मी मारले, माझ्या मुलानं नाही.' मी काय हसणार?" त्यानं आपल्या पेटीतला सगळ्यांत चांगला खडक बरणीत घालून दिला.

मग सासूबाईंचा पहारा सुरू झाला. "हात लावू नका, लागतंय ते." श्रीकृष्ण पेटीतलं पाणी नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचा. हिरवं झालं की विष. रोज आपलं हिरवंच. बादलीतला मासा मलूल होत चालला. शेवटी गणपतीच्या तोंडावर नळी पिवळी राहिली, आणि राहत गेली. मासा पेटीत गेला. खडकामागे लपला, मग हळूच बाहेर आला.

"लागलं गं बाई," सासूबाई पुटपुटल्या. चिरंजीवांच्या तोंडी मात्र 'आई' अजून नाहीच.

जानेवारीत संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणालाच, पुन्हा ग्रहण आलं. गच्चीवर पतंगांचा गलका चाललेला, आणि खाली सासूबाई परडी घेऊन दूध, दही, लोणचं यांवर तुळशीची पानं ठेवत होत्या. जे टाकवत नाही, त्यावर पान ठेवायचं, म्हणजे ग्रहण बाधत नाही. पेटीकडे मात्र त्या फिरकल्या नाहीत. लांबूनच बघत उभ्या राहिल्या.

श्रीकृष्ण मांजानं कापलेलं बोट चोखत खाली आला. ग्रहणबिहण न मानणारा माणूस. दह्याच्या पातेल्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं.

"आई, पेटीवर पान ठेवायचं राहिलं की."

सासूबाईंनी परडीतली उरलेली सगळी पानं पेटीच्या झाकणावर मांडली. "अहो, एक पुरे!" मी म्हटलं. पण ऐकतंय कोण.